रेषेपलीकडची वाडी

प्रिय अण्णा,

आज सकाळी आईच्या पेन्शनचा फॉर्म भरायला गेले होते. त्यात तुमचं जन्मस्थान विचारलं होतं. वाडीचं नाव लिहिलं आणि पुढच्या ‘राज्य’ या रकान्यापाशी अडले. तुमच्या जन्मदाखल्यावर मुंबई राज्य, शाळेच्या दाखल्यावर म्हैसूर, नोकरीच्या कागदावर कर्नाटक. वाडी तर जागची हलली नव्हती! काउंटरवरच्या बाईंनी तिन्ही कागद पाहिले.

“मॅडम, तुमचे वडील तीन राज्यांत जन्मले का?”

त्या हसल्या. मीही हसायला हवं होतं बहुतेक. “सरी, सरी, ठीक आहे, आता आहे ते लिहा,” म्हणाल्या. लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं, तेवढं सांगावं म्हणून पत्र घेऊन बसले. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले. मला रडू येत नाही, अण्णा. हेब्बाळला ऑफिसला जाते, संध्याकाळी बसने चामराजपेटला घरी येते. शेजारच्या अक्का विचारतात, जेवलीस का? हो म्हणते. जेवलेली असते की नाही, ते मागाहून आठवत नाही.

तुम्ही मतदारसंघांचे नकाशे काढायचात. लहानपणी मी वर्गात सांगायचे, आमचे अण्णा आमदारांना गावं वाटून देतात! तुम्ही किती चिडला होतात. “वाटणारे वेगळे. मी फक्त रेष काढतो.” हे वाक्य तुम्ही आयुष्यभर म्हणत राहिलात. मला ते कधी आवडलं नाही.

काका वाडीहून आला तो दिवस आठवतो? मी कॉलेजात होते. नवी आखणी चालू होती आणि कच्च्या नकाशात रेष ओढ्यावरून गेली होती. ओढ्याअलीकडची आपली चाळीस घरं मोठ्या गावापासून तुटून दुसऱ्याच मतदारसंघात पडणार होती. आईने भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या. काका दारातच म्हणाला,

“दादा, जरा रेघ इकडं सरकीव की. ओढ्यावर साकव पायजे म्हणून आता कुणाच्या दारात जायाचं आमी?”

“रेघ मी ओढतो रे, ठरवत नाही.”

“मग हात कुनाचा हाय?”

काका न जेवताच माघारी फिरला. आणि मी? मी म्हणाले, “भित्रे आहात तुम्ही. सख्ख्या भावापेक्षा तुम्हाला साहेब मोठा!” तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. चपला घालून काकाच्या मागे मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत गेलात. परत आलात ते आंघोळ करून झोपलात.

त्यानंतर काका आला नाही. माझ्या लग्नालाही नाही. साकव झाला नाही. पावसाळ्यात पोरं लांबच्या रस्त्याने शाळेला जातात, असं कुणीतरी फोनवर सांगायचं. दर वेळी मी तुमच्याकडे बघायचे. तुम्हाला कळायचं ना, मी का बघते ते?

तेराव्याला काका आला. वाकलाय आता. पाहुणे गेल्यावर त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक घडी काढून माझ्या हातात दिली. अक्षर तुमचं होतं.

“तुज्या बापानं मला बसस्टँडवर लिवून दिलं हे,” काका म्हणाला. “टपरीवरनं कोरा कागद आनला. म्हनाला, हरकतीची मुदत हाय अजून. घराघराच्या सह्या घे आनि सुनावनीला जाऊन दे. तुमचं ऐकून घ्यावंच लागतंय त्यास्नी.”

“मग?”

“न्हाई दिला. राग आल्ता, पोरी. सख्खा भाव आत बसलेला, आनि मी अर्ज घिऊन रांगंत उभा ऱ्हाऊ? मुदत संपली.”

“आणि इतकी वर्षं?”

“कुठल्या तोंडानं सांगू?”

मी अर्ज वाचला. विनवणी नाही, नात्याचा उल्लेख नाही. किती घरं, मतदानाची शाळा किती लांब, पावसात ओढा किती दिवस ओलांडू देत नाही. खाली सह्यांसाठी जागा मोकळी. तुम्ही चाळीस ओळीही मारून ठेवल्या होत्या.

का नाही सांगितलंत, अण्णा? एका वाक्याचं तर काम होतं! मी काकाला दोष देईन म्हणून? की भित्रा म्हणणाऱ्या मुलीला काय सांगायचं, असं वाटलं? मी माफी मागायला हवी होती, आणि तुम्ही मला ती संधीही दिली नाहीत. रागावल्यासारखं लिहितेय, पण राग येत नाहीये. काहीच येत नाहीये. त्या दिवशी काकाला वाढलं. तो जेवला. मी ताट उचललं.

आता पुन्हा मतदारसंघ आखणार, अशी चर्चा आहे. कधी ते कुणी नीट सांगत नाही. कच्चा नकाशा लागला की मी रजा टाकून वाडीला जाईन. काकाला बरोबर घेऊन घरोघरी फिरेन, सह्या घेईन, आणि सुनावणीत आमचं म्हणणं मी उभी राहून वाचेन. रेष सरकेल की नाही, मला ठाऊक नाही. मुदत मात्र चुकू देणार नाही.

तुमची,
सुमा