अकराशे फळ्या

लौटोका, शुक्रवार

प्रिय इसिकेली,

तू पाठवलेल्या कुऱ्हाडी आम्हाला नकोत. फोनवरच्या गटात हे सांगून झालं, पण तिथं तू हसरे चेहरे टाकून विषय संपवतोस. म्हणून कागद घेतला. पाद्री उद्या सकाळच्या विमानानं ब्रिस्बेनला येतो आहे, त्याच्या हाती देतो. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

तू गेलास तेव्हा फोनवरच्या खेळात आपल्या टोळीच्या जहाजाला नऊ हजार फळ्या कमी होत्या. चाळीस घाव, एक फळी. कारखान्यातली पाळी संपली की आम्ही सातजण, तू होतास तोवर तूही, बाजारामागच्या चहाच्या दुकानात बसायचो, कसावा खात, अंगठ्यानं फोनवर घाव घालत. मेरेसेनी मावशी बेकरीतून तशीच यायची. तिच्या फोनची काच पिठानं पांढरी असायची. काम कंटाळवाणं होतं, खोटं कशाला बोलू? पण हात गुंतलेले असले की माणसं बोलतात. साकेओनं बायको सोडून गेल्याचं तिथंच सांगितलं, मान वर न करता. तुला ऑस्ट्रेलियाला जायचं आहे हेही तू तिथंच बोललास, बहुधा त्या दिवशीच्या साठाव्या फळीला.

जुलैत खेळाच्या कंपनीनं फळीमागे चाळिसाचे ऐंशी घाव केले. त्याच दिवशी खेळातल्या दुकानात पोलादी कुऱ्हाड आली: पैसे भरा, दोन घावांत फळी. आधी पायात काटा घालायचा आणि मग चिमटा विकायला बसायचं. नोव्हेंबरच्या शर्यतीला जहाज हवं होतं. तू लिहिलंस, "किती ठोकत बसणार, म्हाताऱ्यांनो? घ्या, माझ्याकडून सात." मावशी म्हणाली, "त्याला सांग, तुझ्या कुऱ्हाडी तिथल्या तुझ्या कत्तलखान्यातल्या बैलांवर चालव." सगळे हसले. विकतची कुऱ्हाड हातात घ्यायची नाही, असं त्याच दिवशी ठरलं. सर्वांत मोठ्यानं हो मी म्हणालो.

मग पंधरा दिवसांनी तू गटात विचारलंस, "सातातली एक वापरलेली दिसते. कोण रे तो शहाणा?" सगळ्यांनी साकेओकडे पाहिलं. तो आळशी, म्हणून तोच. तो म्हणाला, "मी? मला धड खेळायचा कंटाळा, फसवायचे कष्ट कोण घेणार?" यावरही हसलो आम्ही, पण विश्वास कुणी ठेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो चहाच्या दुकानात आला नाही. बस-स्टँडवर दिसला तर रस्ता ओलांडून गेला.

ती कुऱ्हाड मी वापरली.

एका बुधवारी चहाच्या दुकानात एकटाच होतो. मनगट सुजलं होतं. दीड तासात सतरा फळ्या झाल्या होत्या आणि पुढे हजारो दिसत होत्या. कुऱ्हाड घेतली. संध्याकाळपर्यंत अकराशे. लाकूड तुटल्याचा आवाजसुद्धा येत नाही तिच्यानं, नुसती घंटी वाजते. मग रोज थोड्या थोड्या करून त्या टोळीच्या भांडारात टाकल्या. मावशी म्हणायची, "वाइसाके, अंगठा आहे की यंत्र?" मी लाजल्यासारखं करायचो. त्या लाजण्याचा राग मी तुझ्या कुऱ्हाडीवर काढतो आहे, हे मला कळतं. तरी राग खरा आहे. ज्यांनी ऐंशी घाव केले, त्यांना ठाऊक होतं की सातातला एक मोडेल. त्यांना सगळे नको असतात, एक पुरतो.

आज दुपारी त्या अकराशे फळ्या जाळल्या. खेळानं तीनदा विचारलं, नक्की का? तीनदा हो म्हटलं. जाळायचे मात्र पैसे पडले नाहीत. आता जहाज शर्यतीला पोचत नाही. टोळीला अजून माहीत नाही.

रविवारी चर्चनंतर मावशीच्या अंगणात यांगोना प्यायची बैठक आहे. साकेओच्या दारात तासभर उभा राहिलो, तेव्हा तो यायला कबूल झाला. तूही नेहमीसारखा फोनवर असशील. तिथं मी सगळं सांगणार आहे. मला ठाऊक आहे तू काय करशील. मामेभावाला आपल्यात थट्टेचा हक्कच असतो. तू म्हणशील, "या गड्याला शेळीसुद्धा चोरता येत नाही, चोरली तर तीच ओरडते," सगळे लोळतील, वाटी फिरेल, आणि मिटलं. आजवर तू मला असाच सोडवत आलास. दादाची होडी बुडवली तेव्हाही. या वेळी सोडवू नकोस. मावशी गप्प बसली तर बसू दे. साकेओला जे बोलायचं असेल ते शेवटच्या शब्दापर्यंत बोलू दे, मला ते बसून ऐकायचं आहे. तू फोन चालू ठेव, आणि तोंड उघडू नकोस. एवढंच सांगायला हे पत्र.

तुझाच आतेभाऊ,
वाइसाके