दोन्हींना पाचच स्टार कसे?

५ जानेवारी, सोमवार
निश्चय. एक फेब्रुवारीच्या आत नवी गाडी. लेक नेत्रा सातव्या महिन्यात. त्या दिवशी लांज्याला तिच्या सासरी डोहाळजेवण, तिथूनच तिला बाळंतपणासाठी रत्नागिरीला आणायची. जुन्या गाडीला चारही बाजूंनी पोचे. (सगळे दुसऱ्यांनी पाडलेले.) यादीत दोन एसयूव्ही उरल्या आहेत. एक पांढरी, एक निळी. निवड फक्त सेफ्टीवर. त्यासाठी नवी वही उघडली: गाडी, मार्क, कारण असे कॉलम.
मालनला सांगितलं. बायको म्हणून काही मत? तर म्हणाली, चालवणार कोण? प्रश्नाचा रोख कळला नाही.

७ जानेवारी, बुधवार
क्रॅश टेस्टचे व्हिडिओ पाहिले. पांढरीला पाच स्टार. निळीलाही पाच. दोन वेगळ्या कंपन्या आणि मार्क सारखे? शाळेत असे पेपर सापडले की दोघांनाही बाहेर काढत. शिवाय निळीच्या व्हिडिओतली भिंत मऊ वाटली.

११ जानेवारी, रविवार
पांढरीचं शोरूम. सेल्समन चिराग. सारखा काका-काका करतो. म्हणाला, सहा एअरबॅग आहेत. म्हटलं, एक दाखव. तर म्हणे, ठोकल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणजे विश्वासावर घ्यायचं! वर दोनदा चहा पाजला. काहीतरी लपवतोय.
मालनने मान खाली घालायला लावली. पिशवीतून उशी काढली, पोटाला बांधली आणि मागच्या सीटवर बसून पट्टा लावून बघत राहिली. चिराग वाकून पट्टा कुठून जातो ते दाखवत होता. मी ओळख दाखवली नाही.

१८ जानेवारी, रविवार
निळीचं शोरूम. पुन्हा उशी.
टेस्ट ड्राइव्ह मी स्वतः घेतली. रिव्हर्सला कॅमेऱ्यात खांब स्पष्ट दिसत होता, पण कॅमेरा कंपनीचा, त्यावर कशाला विसंबायचं? मान वळवून डावीकडे पाहिलं. खांब उजवीकडे होता.
निष्कर्ष: निळीचा मागचा बंपर कच्चा. दोन मार्क वजा.

२१ जानेवारी, बुधवार
सेफ्टी मागे पडली, घरातच काळंबेरं. मालन रोज चार वाजता बाहेर जाते. मिरकरवाड्याला मासळी आणायला, म्हणे. मी तिथल्याच बर्फाच्या कारखान्यात आहे, मला कधी दिसली नाही. आणि मासळीला कॅनव्हासचे बूट कशाला? आज फोनवर म्हणत होती, त्यांना एवढ्यात सांगू नका. पलीकडे चिराग. आवाज ओळखला. दोघांचं कमिशन ठरलेलं दिसतंय.

२४ जानेवारी, शनिवार
कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा. पाठलाग केला. गावाबाहेरच्या चढावर शहाळ्यांच्या गाडीमागे लपलो. शहाळंवाल्याने तीन शहाळी घ्यायला लावली.
एक छोटी गाडी चढावर थांबली. पाठीमागे लाल ‘एल’. ड्रायव्हिंग स्कूलची मॅडम शेजारी, आणि स्टिअरिंगवर मालन! समोर शेळी आली. मालन थांबली. शेळी जाईपर्यंत थांबली. हॉर्नसुद्धा नाही. मग गाडी एक इंचही मागे न येऊ देता निघाली.
माझ्यावर नजर ठेवायला शिकतेय. दुसरं कारण संभवत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
चिरागचा फोन. काका, पांढरी आली, काकूंनी बुक केली होती ती. मी थंडपणे माहीत असल्यासारखं केलं.
मालनला जाब विचारला. तिने कपाटातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. आठवड्यापूर्वीचं. म्हणाली, चढाचा सराव राहिला होता. म्हटलं, पण का? मी सव्वीस वर्षं चालवतोय!
मग बोलली. दिवाळीत अंजणारी घाटात मी वळणावर ट्रकला ओव्हरटेक केलं, तेव्हा मागे बसलेल्या नेत्राने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. (मला वाटलं, मळमळतंय.) घरी जाऊन रडली. नवऱ्याला, स्वरूपला, म्हणाली, बाबा न्यायला येणार असतील तर मी लांज्यातच बाळंत होईन. त्याने मालनला कळवलं. दुसऱ्या दिवशी तिने क्लास लावला.
ट्रक हळू होता. तरीपण जेवण गेलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
डोहाळजेवण छान झालं. परतताना मालन चालवत होती. पुढची सीट माझी असं मी ठरवलं होतं, पण नेत्रा म्हणाली, बाबा, तुम्ही माझ्याजवळ मागे बसा. बसलो. घाटात मालन चाळीसच्या वर गेली नाही. मागचा ट्रक हॉर्न मारत होता, तिने त्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. मी घरापर्यंत पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होतो. पोटरीत गोळा आलाय.
पालीला पोचायच्या आधीच नेत्रा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. थेट दारात जागी झाली. एवढी मोठी झाली, पण माझ्या गाडीत ती कधी झोपलेली मला आठवत नाही.
रात्री वहीत कारणाचा कॉलम भरायला घेतला. सुचेना. मालनला विचारलं, कशामुळे झोप लागली असेल?
म्हणाली, सस्पेन्शन चांगलं असेल.
इतक्या पटकन कशी म्हणाली?