पहिल्या बारानंतर

प्रिय दिपमाला,

जगातल्या यच्चयावत डोक्यांचं माप एकच असतं, असं ज्याने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. परवा साक्रीजवळच्या एका बंद खदानीत मला दिलेलं हेल्मेट डोक्यावर पातेल्यावरच्या ताटलीसारखं बसलं. दिवसभर एका हाताने ते सावरत उभा होतो. तुझा भाऊ शूरवीर कमी आणि हंडा घेतलेली बाई जास्त दिसत होता.

तिथे एका कंपनीच्या खिडक्यांची चाचणी होती, स्फोटात टिकतात का ती. चौकटी आपल्या पिंप्राळ्याच्या दुकानातल्या. भिंतीत दोन खिडक्या बसवल्या : एक साध्या काचेची, दुसरीला आतून पारदर्शक फिल्म. दोन्हींमागे माणसाच्या उंचीचा थर्माकोल. समोर बार उडवायचा आणि थर्माकोलात किती काचा घुसतात ते बघायचं. मी जाणारच नव्हतो. पण हितेंद्रराव गेल्यापासून तू धुळ्याच्या घराच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकून बसलीस, मयुरी भरदुपारी दिवा लावून अभ्यास करते. म्हटलं, तुला पटेल अशी काच मिळते का बघू.

नियम कडक. भोंगा होईपर्यंत आडोशामागे भिंतीला पाठ लावून बसायचं. आधी यंत्रं तपासायला छोटा बार झाला, आणि आम्ही बठ्ठे उठलो! आडोशाच्या वीतभर झरोक्यावर सगळ्यांची डोकी. सर्वांत पुढे नियम सांगणारे साहेबच. झरोक्याला नाक लावून मागे ओरडताहेत, "बसा रे, कोणी उठू नका!" आपला सुपडू फिटर म्हणतो, "साहेब, तुम्ही जरा सरका ना, मंग बसू."

मग मोठा बार झाला. माझं हसू तोंडातच राहिलं. फिल्मवाली काच जाळ्यासारखी तडकली, पण चौकटीत राहिली. साध्या काचेमागचा थर्माकोल मला बघवला नाही. त्याला तोंड काढलेलं नव्हतं, तरी जळगावपर्यंत तो बसमध्ये माझ्या शेजारी बसून आला.

फिल्मच्या काचा रविवारी घेऊन येतोच, पण पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी तुमच्या घरासमोरच्या कारखान्यात आधी छोटा आवाज झाला, धूर दिसला, आणि तू हाक मारलीस, "अहो, या ना, देखा तं काय शे!" ते खिडकीशी आले, तू गॅस बंद करायला वळलीस, आणि कारखाना उडाला. दवाखान्यात तू मला विचारलंस, "भाऊ, मी बोलावलं नसतं तं?" मी पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो. ते उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. आज देतो. ते आलेच असते, दिपू. आम्ही तर मनाई असताना उठलो, आणि आम्हाला कुणी हाकही मारली नव्हती.

तुझाच भाऊ,
लीलाधर