चार नंबरच्या टेबलावरची बाई

मी, खाली सही करणारी, या हॉटेलची मालकीण, वयाने थकलेली परंतु डोकं ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. यासाठी कोणी माझा हात धरलेला नाही. थोरल्याने धरून पाहिला, पण मी सोडवून घेतला. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. हॉटेलची जागा आणि वरच्या खोल्या थोरला व धाकटी यांना निम्म्या-निम्म्या. मधे भिंत घालू नये. भांडायचं झाल्यास वर येऊन भांडावं. मी आणि यांचे वडील जन्मभर वरच भांडलो, खाली गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागला नाही.

कलम २. दागिने धाकटीला. सूनबाईंनी माझ्या बांगड्या मी आजारी असतानाच हातात घालून पाहिल्या होत्या. त्यांना कपाटाचा आरसा द्यावा.

कलम ३. धाकट्या दिरांनी नेलेली शिडी परत मागू नये. ती परत येईल या भरवशावर मी रंगकाम पुढे ढकलत राहिले. आता राहू दे.

कलम ४. मोठी शेगडी, जाड बुडाचं पातेलं आणि उलथणं जाऊबाईंना.

जाऊबाई म्हणजे माझी सख्खी जाऊ नव्हे. आमची स्वयंपाकीण. आम्ही मिठावरून इतक्या भांडायचो की गिऱ्हाइकांनीच नातं लावून टाकलं. ती परदेशातून आलेली. तिच्याकडे इथे काम करण्याची परवानगी नव्हती. मुलांच्या वडिलांना ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि थोरला तर तिच्या हातचं खाऊनच वाढला.

तपासणीला साहेब आले की आमची एक रीत होती. मी गल्ल्यावरची घंटी वाजवायची, जाऊबाईंनी एप्रन काढून खिडकीजवळच्या चार नंबरच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसायचं, आणि वेटरने त्यांच्यापुढे ताट ठेवायचं. ताटातलं त्यांना कधी आवडलं नाही. म्हणायच्या, "स्वतःच रांधलेलं कसलं खायचं?"

कलम ५. दारूचा परवाना. तो माझ्या नावावर आहे आणि थोरल्याला त्याच्या नावावर हवा आहे. अर्ज केल्यावर साहेब तपासणीला आले. घंटी वाजली, जाऊबाई बसल्या. साहेब रेंगाळले. थोरल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने जाऊन जाऊबाईंपुढे बिल ठेवलं. त्यांच्याकडे पैसे कुठले? तेव्हा तो साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, खिशात दमडी नसताना हॉटेलात येता कशाला?"

जाऊबाई खाली मान घालून बसून राहिल्या. तेवढं त्यांनी सोसलं. मग आतून कांदा करपल्याचा वास आला आणि त्या उठल्या.

मी गल्ल्यावरून म्हटलं, "बसा हो."

त्या म्हणाल्या, "कांदा लागतोय," आणि सरळ आत गेल्या. साहेब मागोमाग गेले. त्या शेगडी बारीक करून पातेलं उतरवत होत्या, पदराने.

त्यांना घेऊन गेले. सध्या त्या सरकारी निवाऱ्यात आहेत आणि त्यांना परत धाडायचं की नाही हे ठरायचं आहे. वकील म्हणतात, इथे इतकी वर्षं कामाला होत्या असं मालकिणीने लिहून दिलं, तर त्यांना राहायची परवानगी मिळू शकते. परवाना मात्र जाईल. उलट, ती बाई केवळ गिऱ्हाईक होती असं मी लिहून दिलं, तर परवाना थोरल्याला मिळेल आणि त्यांना जावं लागेल.

थोरल्याने तसा कागद तयार करून माझ्या उशाशी ठेवला. म्हणाला, "आई, नुसती सही कर. तिला काय, कुठेही काम मिळेल." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसापासून मला काहीच येत नाही, रडूही नाही. जेवणाची चवही लागत नाही, पण ते दुसरं कोणी रांधत असल्यामुळे असेल.

तरी या मृत्युपत्राने मी जाहीर करते की सदर बाई आमच्या हॉटेलात थोरला मुंजीच्या वयाचा होता तेव्हापासून स्वयंपाकीण म्हणून कामाला होत्या. हे हॉटेल त्यांच्या हातावर चाललं. या कलमाची नक्कल वकिलांनी माझ्या मरणाची वाट न पाहता आजच कचेरीत द्यावी. परवाना कोणालाही देत नाही, कारण उद्यापासून तो नसेल. दारूशिवाय हॉटेल चालतं. जाऊबाईंशिवाय चालतं का, ते थोरल्याने या महिन्यात पाहिलंच आहे.

कलम ६. माझ्यामागे जेवण घालायचं झाल्यास खालीच घालावं. जाऊबाई सुटून आल्या असतील तर त्यांना चार नंबरला बसवावं आणि थोरल्याने स्वतः वाढावं. बिल ठेवू नये. आतून कसलाही वास आला तरी त्यांना उठू देऊ नये. थोरल्याने उठावं.

हे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

सही: मालकीण

समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. समोरचे औषधवाले
२. आमचे जुने वेटर, चार नंबरला ताट ठेवणारे

स्थळ: हॉटेलच्या वरची मागची खोली
तारीख: महिन्याचा दुसरा सोमवार, हॉटेल बंद