उभं पाणी

देवबाग,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय तन्वी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा आता ठीक आहे, काल स्वतः आगरात जाऊन नारळ वेचून आली. शनिवार-रविवारी आमच्या दोन्ही खोल्या पर्यटकांनी भरलेल्या असतात. व्हॉट्सअॅपवर तुला उत्तर लिहायला घेतलं ते दर वेळी पुसलं, म्हणून हा कागद.

तुझं नोटेशन मिळालं. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि वर नाव 'देवबागची खाडी'. दुसऱ्या व्हायोलिनला तूच हवीस, मार्चात पुण्याला ये, असं तू लिहिलंस आणि मी पाहुण्यांचं निमित्त सांगत राहिले. पाहुणे काही माझा हात धरून बसले नव्हते.

खरं सांगायचं तर माझा जळफळाट झालाय.

दिवाळीनंतर तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा खाडीकडच्या पडवीत रेकॉर्डर घेऊन बसायचीस. हा आवाज कसला, तो कसला, विचारायचीस. मी शहाणी सांगत बसायचे, हे मासे उड्या मारतायत, वारा फिरला की सुरूचं बन असं वाजतं. कुडाळला आपण दोघी सरांकडे व्हायोलिन शिकत होतो तेव्हापासून मला ह्याच खाडीवर काहीतरी रचायचं होतं. तुला कधी बोलले नाही. चार ओळी छान जायच्या, की कुणाला तरी चहा हवा असायचा. दोष चहाला देतेय, पण चहा नसतानाही गाडं पुढे जात नव्हतं. आणि तू आठवडाभर आमच्याकडे जेवून अख्खी रचना घेऊन गेलीस. फोनवर म्हणालीस, "सगळा तुझ्याच पडवीत सुचला गो." मी "छान" म्हटलं, आणि तू झोपायचीस त्या खोलीतली चादर नको इतकी आपटून धुतली.

रचना वाईट असती तर बरं झालं असतं. दुसरा भाग वाजवताना मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

मग तिसऱ्या भागात चूक सापडली. ओहोटी संपते न संपते तोच तू भरती सुरू केलीस. इथे तसं होत नाही. मधे पाणी थोडा वेळ नुसतं उभं राहतं, सोडलेली होडीसुद्धा जागची हलत नाही. तू नेमकी तेव्हा कंटाळून आत यायचीस, कारण ऐकायला काही नसतं. मला इतका आनंद झाला की आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "चूक गावली ना? मगे परत परत वाजवतंस कित्याक?"

कारण त्या जागी माझा गज आपोआप थांबत होता आणि भलतंच काही वाजवत होता. एकच लांब स्वर, मग त्याच्या पोटातून हळूच दुसरा. इतक्या वर्षांत मला पुरतं सुचलेलं एवढंच. माझ्या जुन्या सगळ्या सुरुवातींना ते जोडून पाहिलं, कुठेच लागत नाही. तुझ्या रचनेत मात्र चपखल बसतं. ह्याच्याइतकी चीड मला कशाचीच आलेली नाही.

किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला आपण गेलो होतो ते आठवतं? तू हौसेने जरा दोरी ओढलीस, तर रापणीवाल्या भाईंनी तुझ्याही पिशवीत बांगडे टाकले. तू नको नको म्हणत होतीस. ते म्हणाले, "दोरयेक हात लावलंस मा? मगे वाटो घेवकच होयो."

तन्वी, ह्या दोरीला माझाही हात लागलाय. मार्चात मी येते. त्या जागी तुम्ही तिघांनी थांबायचं, मी एकटी वाजवणार. ते कागदावर उतरवून पाठवणार नाही, आणि वर तुझ्या नावाशेजारी माझं नाव हवं. जमणार नसेल तर दुसरं व्हायोलिन तिकडेच शोध आणि भरती आहे तशीच ठेव. पुण्यात कुणाला कळणार नाही. तुला मात्र आता दर वेळी कळेल.

अजून जळणारी, तरी तुझीच,
अनुजा