मर्लताईच्या अंगणातला जांभळा गांजा

कॅम्बा, कॅनबेरा
३ नोव्हेंबर

चि. क्लेम यास मर्लताईचे अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

चापट अशासाठी, की कॅन्सरपायी घशातली स्वरपेटी काढली, म्हणून तुला फोनवर बोलता येत नाही हे समजू शकते, पण बोटं तर शाबूत आहेत ना? चार ओळी लिहीत जा.

बातमी अशी, की मी अंगणात दोन कुंड्यांत गांजा लावलाय. खुर्चीवरून पडू नकोस. आमच्याकडे कायद्याने माणशी दोन झाडं चालतात आणि हद्दीपलीकडे तुमच्या कूमात चालत नाहीत, हे जन्मभर पोलिसात काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! बी कुठून आलं ते मात्र विचारू नकोस. ही जात आपोआप फुलते. दिवस लहान व्हायची वाट बघत नाही, आपलं वय झालं की फुलते. झाड बुटकंच राहतं आणि तुरे म्हणे जांभळे येतात. आमच्या वाचनालयातल्या बाईंच्या नवऱ्याच्या पोटात यानेच अन्न ठरू लागलं. तुला भूक लागावी, एवढंच माझं मागणं आहे. नाताळ झाला की माझ्याकडे राहायला ये.

कसा आहेस ते खरं खरं कळव. माया तर तुला ठाऊकच आहे.
तुझी, मर्लताई

कूमा
१६ नोव्हेंबर

ती. मर्लताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. हल्ली माझ्या हसण्याचा आवाज सायकलच्या पंपासारखा येतो. किती लोकांच्या परसातून मी ही झाडं उपटून गाडीत टाकली असतील! आणि आता माझीच बहीण कुंडीला पाणी घालत बसलीय.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. ते घेऊन हद्द ओलांडायची नाही. त्या रस्त्यावरची पोरं माझ्याच हाताखाली शिकली आहेत. त्यांनी तुझी पिशवी उघडली, तर मी कुठे तोंड लपवू? आणि तुमच्याकडेही लावायला परवानगी आहे, दुसऱ्याला द्यायला नाही. कायदा वाचला होतास का?

तब्येत म्हणशील, तर कस्टर्डचे चार चमचे जातात, त्यातले दोन परत येतात. जोस्लिन डार्विनहून फोन करते. लेक बोलते, मी फोनवर टकटक करतो. टकटक ऐकली की ती रडते. तू एखाद्या रविवारी बसने येऊन गेलीस तर बरं वाटेल.

राग धरू नकोस.
तुझा, क्लेम

कॅम्बा
२१ डिसेंबर

चि. क्लेम यास आशीर्वाद.

रविवारी यायचं फार मनात होतं रे, पण कसं यावं? ऊन असं आहे, की एक दिवस पाणी चुकलं तर पानं माना टाकतात. शेजारच्या सेलाला म्हटलं, दोन दिवस बघशील का, तर म्हणाली, मर्ल, तुझ्यासाठी आख्खं डुक्कर भाजीन, पण त्या झाडाला हात लावणार नाही, रविवारी चर्चमध्ये पास्टरच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू? वर कुंपणावर पांढरे काकाकुवे टपून बसलेले. मी जुन्या पडद्याची जाळी बांधलीय आणि झाडू घेऊन राखण करते.

पण क्लेम, तुरे आले! आधी हिरवे होते, आता कडेकडेने जांभळे होत चाललेत. पिकलेल्या आलुबुखारासारखे. बघत बसावंसं वाटतं. जानेवारीत तयार होतील. मग मी गाडी करून तुला घेऊनच येते. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून घे. कोण येतंय बघायला!

तोवर तग धर.
तुझी, मर्लताई

कूमा
९ जानेवारी

ती. ताई, सा. न.

अक्षर वाईट आहे, समजून घे. डॉक्टर घरी येऊन गेले. आता उपचार नाहीत, फक्त दुखणं कमी करायचं, म्हणाले. गाडीने कॅनबेरापर्यंत येणं माझ्याच्याने होणार नाही. परवा आरशात बघितलं, तर आपले बाबाच दिसले, शेवटच्या दिवसांतले.

मी जे लिहिलं होतं ते विसर. घेऊन ये. कोणी अडवलं, तर माझं नाव सांग. मी मागतोय, असं सांग.

क्लेम

कॅम्बा
१७ जानेवारी

चि. क्लेम,

कसं लिहू? तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाऊस लागला आणि चांगला आठवडाभर राहिला. मी कुंड्या वळचणीला ओढल्या, छत्री बांधली. आज ऊन पडलं, म्हणून काढायला गेले. तुरा बोटाने उघडला, तर आत करडी बुरशी. वरून इतका सुंदर जांभळा, आणि आतून राख. दुसऱ्या झाडाचंही तेच. चांगलं असेल तेवढं निवडावं म्हणून एकेक तुरा फोडत गेले. काही म्हणजे काही उरलं नाही. आजारी माणसाच्या छातीत ही बुरशी गेली तर जीव जाईल, असं वाचनालयातल्या बाई म्हणाल्या. सगळं कचऱ्यात टाकलं. सेला कुंपणावरून बघत होती. ती येऊन मला धरून उभी राहिली.

तू जन्मात पहिल्यांदा काही मागितलंस आणि माझ्याकडे ते नाही. आता कुठल्या तोंडाने येऊ?

मर्ल

कूमा
२२ जानेवारी

ताई,

दुखण्यासाठी सुई आहे. ती पुरते. गांजाने मला काही होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. झाडं सोडून तू येईनास, म्हणून म्हटलं, ते द्यायला तरी येशील.

ये ग.

क्लेम

कूमा
१२ फेब्रुवारी

चि. जोस्लिन हिस मर्लआत्याचे आशीर्वाद.

विमानतळावर घाईत काही सांगता आलं नाही. तू पोचण्याआधी, शेवटच्या दिवसांत तुझे बाबा कसे होते, असं तू विचारलंस, म्हणून लिहिते.

बाबांचं पत्र दुपारी मिळालं आणि मी तशीच बसने निघाले. पोचले तेव्हा जागे होते. मी रडायला लागले, तर पाटीवर लिहिलं, चहा करून घे, दूध नासलंय. माझं तोंड बघून सायकलच्या पंपासारखा आवाज करत हसले. त्यानंतर फारसं काही लिहिलं नाही. तू येईपर्यंत मी चमच्याने बर्फ देत होते. तेवढाच जायचा. भूक शेवटपर्यंत लागली नाही.

एक मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिल्या दिवशी खुर्ची ओढायला गेले, तर त्यांनी मान हलवली आणि पलंगावर मला जागा करून द्यायला कोपरावर भार टाकून सरकायला लागले. किती वेळ लागला बाई! सरकायची गरजच नव्हती ग. पलंगभर जागाच होती.

जेवत जा. मला लिहीत जा, मी उत्तर देईन.
तुझी, आत्या