लक्ष्मण परत आला

पोलादपूर, बुध. ४ नोव्हें. १९३१
सकाळी लक्ष्मण दारात. काही वर्षांपूर्वी त्याची मुलगी तापाने गेली त्या दिवशी देवाला शिव्या देऊन निघाला होता. आमची ख्रिस्ती मंडळी सोडली, बायको मार्था सोडली, पोर पुरायलाही थांबला नाही. आंबेनळीच्या बाजूला रानात कोळसा पाडायच्या कामावर होता म्हणतात. दाढी पिकली आहे. ‘आत ये’ म्हटले.
‘मार्था काय म्हनते ते आदी बगा, मास्तर.’
चहा अंगणातच घेतला.

गुरु. ५
मार्थाकडे. भात झोडत होती. ऐकून घेतले, हात थांबला नाही.
‘पोरीला मातीत ठेवली तवा मी एकली व्हते. आता कशाला आला?’
तसाच परत निघालो.

शुक्र. ६
दाजीबा म्हणजे मंडळीतले वडीलधारे, त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, सर्वांसमोर गुडघे टेकावे, रडून कबुली द्यावी, मगच प्रार्थनेला आत. लक्ष्मणला बोलावून सांगितले.
‘रडू येत नाय. रानात रडून झालं. पाय देवाकडं वळलं म्हनून आलो. त्यानं तोंड फिरवलं तरी मी हितंच.’
दाजीबा : ‘ही मगरुरी.’
मला तसे वाटले नाही.

शनि. ७
पाळकसाहेब फिरतीवर, म्हणून उद्याचा उपदेश माझ्याकडे, पश्चात्तापावर. आपल्या मराठी शब्दात ताप आधी ऐकू येतो. जुन्या करारातला इब्री, म्हणजे यहुद्यांच्या भाषेतला, शब्द साधा, वळणे, परत येणे. पाळकसाहेबांनी शिकवले होते. रस्त्यावरच्या माणसाचा शब्द. पण ज्यांना मागे टाकले, त्यांच्याकडे परतायचे कसे, ते…
हे वाक्य दोनदा खोडले.
दुपारी कबरस्तानावरून आलो. लक्ष्मण एका लहान कबरीवरचे गवत उपटत होता. मार्था डोक्यावर भारा घेऊन वाटेत थांबलेली.
‘हीच ना गो?’
‘ती नाय. पल्याडची.’
एवढे बोलून चालू लागली. तो पलीकडच्या कबरीपाशी जाऊन बसला. गवत उपटले नाही.

रवि. ८
लक्ष्मण बाहेर ओसरीवर बसला. दाजीबा पुढच्या ओळीत. वळणे म्हणजे काय ते जमेल तसे सांगितले, नाव कोणाचे घेतले नाही. मध्येच मार्था उठली, बाहेर गेली. दार तिच्यामागे लोटले गेले. आवाज काही आला नाही. बोलत राहिलो.
प्रार्थना संपवून पाहिले तर ओसरी रिकामी.
दाजीबा : ‘गेला ना?’
म्हटले, दोघेही गेले. एका वाटेने की दोन वाटांनी, पाहिले नाही.